कच्छच्या रणात रानमांजर बघायला जाताय? आधी हे वाचून घ्या

ताडोबा, पेंच करून झालेली माणसं पहिल्यांदा रणात जातात तेव्हा बहुतेकांचं एकच होतं. जिप्सीत बसतात, 'मांजर दाखवा' म्हणतात, चालक बिचारा शंभर किलोमीटर गाडी फिरवतो, घुडखरांचे (रानगाढवांचे) कळप दिसतात, फ्लेमिंगो दिसतात आणि मांजर काही दिसत नाही. मग 'तिथे काही नाही हो' असा निकाल लागतो.

मांजर तिथे असतं. तुमच्या गाडीच्या वाटेपासून वीस पावलांवर, लाण्याच्या झुडपाखाली बसून तुमच्याकडेच बघत असतं. गाडी चालू आहे तोवर ते हलत नाही आणि ते हललं नाही तर तुम्हाला दिसत नाही. म्हणून हा लेख फिरण्याबद्दल कमी आणि थांबण्याबद्दल जास्त आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहिलाय. दहा वर्षं रणात जाणाऱ्यांनी पाचव्या टप्प्यावर उडी मारली तरी चालेल.

१. नेमकं कोणतं मांजर बघायचंय ते ठरवा

कच्छ आणि थरच्या कोरड्या पट्ट्यात तीन रानमांजरांची नावं ऐकू येतात. तिघांची शक्यता अजिबात सारखी नाही.

वाळवंटी मांजर: या लेखाचा नायक. गुजरातीत रणबिलाडी. आकार घरच्या मांजराएवढाच, वजन तीन-चार किलो. वाळूच्या रंगाचं अंग आणि त्यावर बारीक काळे ठिपके. बघायला मिळण्याची खरी संधी याचीच.

बाऊल: आपल्याकडे महाराष्ट्रात शेतांच्या बांधावर दिसतं तेच. उंच पाय, आखूड शेपूट, अंगावर ठिपके नाहीत. रणाच्या कडेची शेतं, तळी, पाणवेली वाढलेले कालवे ही याची जागा.

शशकर्ण, म्हणजे कॅरॅकल: कानांवर लांब काळ्या केसांचे झुपके असलेलं, तांबूस, अंगाने मोठं. कच्छमध्ये याला हेणोतरो म्हणतात. भारतात हे आता अगदी मोजके उरलेत आणि २०२१मध्ये त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या सरकारी यादीत झाला. कच्छ आणि रणथंबोरच्या आसपास त्याच्या नोंदी आहेत. 'कॅरॅकल टूर' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर नमस्कार करून निघा. वर्षानुवर्षं तिथेच काम करणाऱ्या वनरक्षकांनासुद्धा तो कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या) फोटोत भेटतो.

वाळवंटी मांजर नजरेसमोर ठेवून जा. बाऊल दिसलं तर बोनस समजा.

आणि जाण्याआधी घराजवळ सराव करा, हे मी प्रत्येकाला सांगतो. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ इथे वनविभागाची गवताळ प्रदेश सफारी आहे. तिथे लोक लांडगा, खोकड आणि चिंकारा बघायला जातात, पण पहाटे किंवा तिन्हीसांजेला बाऊलही दिसू शकतं. उघड्या माळावर डोळ्यांना सवय लावून घ्यायची असेल तर याहून स्वस्त शाळा नाही. जंगलात आपण हालचाल आणि आवाज शोधतो. माळावर आकार शोधावा लागतो.

२. जागा आणि महिना

पहिल्या खेपेला छोटं रण. इथलं भारतीय घुडखर अभयारण्य १९७०च्या दशकात झालं, क्षेत्र जवळजवळ ५,००० चौरस किलोमीटर. आकडा बघून घाबरू नका, आपण त्याच्या एका कोपऱ्यातच फिरणार आहोत. बजाणा आणि ध्रांगध्रा या बाजूंनी आत जाता येतं. राहायची सोय दसाडा, झैनाबाद, पाटडी या भागात आहे. मुंबईहून भुजकडे जाणाऱ्या कच्छ एक्सप्रेस किंवा सयाजीनगरी एक्सप्रेसने विरमगामला उतरता येतं, फक्त वेळ आधी तपासा, कारण उतरायची वेळ अवेळी असते. रात्री घ्यायला गाडी येणार आहे ना, हे राहण्याच्या ठिकाणी विचारून ठेवा. अहमदाबादहून रस्त्याने दोन-अडीच तास.

दुसऱ्या खेपेला बन्नी. भुजच्या उत्तरेचं हे गवताळ रान छोट्या रणापेक्षा वेगळं आहे. इथे मालधारी लोकांची गुरं आहेत, वेड्या बाभळीची (तिकडे तिला 'गांडो बावळ' म्हणतात) दाट जाळी आहे, छारी ढंढसारखी पाणथळ जागा आहे. इथे स्थानिक माणूस सोबत नसेल तर काहीच हाती लागत नाही.

राजस्थानात जायचं असेल तर चुरू जिल्ह्यातलं ताल छापर. जेमतेम सात चौरस किलोमीटरचं काळविटांचं अभयारण्य, पण त्यात आणि आसपासच्या माळावर वाळवंटी मांजर आणि वाळवंटी खोकड दोन्ही आहेत. दोन दिवसांत तीच तीच जागा वारंवार बघता येते, म्हणून नवख्या माणसाला हे सोपं पडतं. जैसलमेर-बाडमेरचं राष्ट्रीय मरू उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथे अंतरंच इतकी की पहिल्या खेपेला मी सुचवणार नाही.

महिना: छोटं रण १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. १६ ऑक्टोबरला उघडलं म्हणून लगेच तिकीट काढू नका. पाऊस भरपूर झालेला असेल तर रणात पाणी पुढेही बरेच दिवस राहतं आणि गाड्या कडेकडेनेच फिरतात. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. थंडीत मांजर सकाळी उशिरापर्यंत बाहेर राहतं, का ते पुढे येईलच. मार्चच्या मध्यानंतर नऊ वाजले की सगळं सावलीला जातं, तुम्हीसुद्धा.

दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते एक जानेवारी टाळा. गर्दीचा त्रास मांजराला होतो, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे गर्दीच्या दिवशी चालकाला तुमच्यानंतर दुसरी फेरी मारायची असते. त्याला थांबायला वेळ नसतो.

३. कागदपत्रं, परवाना, गाडी

अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२प्रमाणे परवाना लागतो. राहायची सोय करणारे तो बहुतेक काढून देतात, पण गृहीत धरू नका, फोनवर विचारा. सोबत ठेवा:

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र आणि एक झेरॉक्स. मोबाइलमधला फोटो दरवेळी चालेलच असं नाही.
- परदेशी नागरिकत्व असलेला कुणी सोबत असेल तर त्याचा पासपोर्ट. प्रवेशाचे दर वेगळे असतात. अमेरिकेतून आलेल्या पुतण्याला 'आपलाच आहे' म्हणून नेलं तर चौकीवर खोळंबा होतो.
- कॅमेऱ्याचं शुल्क भरल्याची पावती. व्हिडिओसाठी वेगळे नियम असू शकतात.
- रोख रक्कम. रणाच्या तोंडाशी नेटवर्कचा भरवसा नाही.
- भुजकडून पांढऱ्या रणाच्या किंवा खावड्याच्या बाजूला जाणार असाल तर तिकडच्या वेगळ्या परवान्याची सोय. भिरंडियाराला चौकी आहे.

ड्रोन घरी ठेवा. कॅमेरा ट्रॅप परवानगीशिवाय लावता येत नाही, 'एकच रात्र ठेवतो' हे कारणही चालत नाही. आणखी एक, गुजरातमध्ये दारूबंदी आहे. मुंबईहून गाडी घेऊन निघणाऱ्या ग्रुपला हे दरवेळी सांगावं लागतं, म्हणून इथेच सांगून टाकतो.

आता गाडी. स्वतःची एसयूव्ही रणात घालायचा मोह आवरा. कारण नवव्या टप्प्यात आहे. स्थानिक जीप आणि स्थानिक चालकच घ्या, आणि ठरवताना हे तीन प्रश्न विचारा:

'गाडीत आणखी कुणी असेल का?' शेअर जीपमध्ये मांजर बघणं जवळपास अशक्य. एकाला फ्लेमिंगो हवे असतात, एकाला सेल्फी, एकाला चहा.

'एका ठिकाणी तासभर थांबायला चालेल का?' बरेच चालक चकित होतात. त्यांना वाटतं, जास्त फिरवलं नाही तर पाहुणे नाराज होतील. स्पष्ट सांगा की पैसे तेवढेच मिळतील, फिरणं कमी होईल. हा निरोप आदल्या रात्रीच द्या, सकाळी गाडीत बसल्यावर नाही.

'अलीकडे उंदरांची बिळं कुठे जास्त आहेत?' या प्रश्नाला चटकन उत्तर देणारा चालक सोडू नका. तो मांजरवाला आहे.

चालकाला 'भाई' म्हणा, चार गुजराती वाक्यं पाठ करून जा. 'भाई, थोडी वार अहीं ज ऊभा रहीए' (थोडा वेळ इथेच थांबू या), 'धीमे', 'गाडी बंद करी दो'. यातलं शेवटचं सगळ्यात उपयोगी. इंजिन चालू ठेवून थांबणं म्हणजे थांबणंच नाही.

४. सामान

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपटीची. दहापटीची घेतली तर हलत्या जीपमध्ये हात थरथरतो. माणशी एक दुर्बीण असावी. नवरा-बायकोत एकच असेल तर ज्याच्या हातात नाही त्यालाच मांजर दिसतं, असा अनुभव आहे.

कॅमेरा असेल तर ४०० ते ६०० मिमी लेन्स आणि गाडीच्या कडेवर टेकवायला बीनबॅग. रिकामी पिशवी न्या, तिकडे किलोभर तांदूळ घेऊन भरा. रणात लेन्स बदलू नका. ती साधी धूळ नसते, तिच्यात मीठ असतं. संध्याकाळी सगळं कोरड्या ब्रशने झाडून मग ओल्या फडक्याने पुसायचं, उलटं केलं तर काचेवर ओरखडे पडतात.

कपडे मळखाऊ. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जीपमध्ये हाडं गोठतात, पारा दहाच्या खाली जातो. कानटोपी, हातमोजे, वाऱ्याचं जॅकेट हवंच. अकरा वाजता हेच सगळं काढून ठेवायला पिशवीही हवी. पाणी माणशी दोन लिटर. प्लास्टिकच्या पिशवीत वेफर्स नेऊ नका, शांत रणात ती पिशवी चुरचुरली की बोंब मारल्यासारखं होतं. चिक्की, खजूर, पोळीचा रोल चालेल.

५. मांजर शोधू नका, उंदीर शोधा

हा भाग नीट वाचा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

वाळवंटी मांजराचं पोट मुख्यतः उंदीरवर्गावर भरतं. त्याच्या जोडीला छोटे पक्षी, सरडे, कीटक. रणाच्या आणि थरच्या या पट्ट्यात वाळवंटी जर्बिल नावाचा उंदीर आहे. तो वसाहत करून राहतो, आणि मुख्य गोष्ट म्हणजे दिवसा बाहेर पडतो. थंडीत ऊन चढल्यावर तो बिळाबाहेर येतो, मग त्याच्या मागे मांजरालाही सकाळी आठ-नऊ, कधी दहालाही बाहेर राहणं परवडतं. म्हणून थंडी चांगली. उन्हाळ्यात जर्बिल पहाटे आणि संध्याकाळी तेवढं तोंड दाखवतो, आणि मांजरही त्याच वेळा पाळतं.

तर करायचं काय?

पहिलं, रणाचा सपाट, भेगाळलेला मिठाचा भाग सोडून द्या. तिथे खायलाच काही नाही. रणात मधून मधून उंचवटे आहेत, त्यांना 'बेट' म्हणतात, कारण पावसाळ्यात चहूबाजूंनी पाणी आलं की ती खरोखरच बेटं होतात. पुंग बेट त्यातलं नावाजलेलं. बेटांच्या कडा आणि रणाच्या काठची झुडपी पट्टी तुमची. लाण्याची, केरड्याची, पिलूची झुडपं, मधे मोकळी भुसभुशीत जमीन, त्यात बिळं.

दुसरं, बिळं जिवंत आहेत का ते बघा. गाडीतूनच, दुर्बिणीने. बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं असेल, पालापाचोळा साचला असेल तर ते ओसाड. जिवंत बिळापुढे ताज्या मातीचा छोटा ढीग असतो, सकाळी ती माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित गडद दिसते कारण आतली ओल अजून सुकलेली नसते. बिळाबिळांमधून पायवाटा पडलेल्या असतात, बोटभर रुंदीच्या. धूळ बारीक असेल तर इवल्या पावलांच्या मधून शेपटीची रेघही उमटलेली दिसते. अशी वीस-पंचवीस तोंडं एका जागी दिसली की थांबा.

तिसरं, जागा घ्या. वसाहतीपासून साधारण पन्नास-साठ मीटरवर, सूर्य पाठीशी येईल असं. इंजिन बंद. आता निदान चाळीस मिनिटं काहीही करायचं नाही. पहिल्या दहा मिनिटांत उंदीर बिळातच राहतील, मग एक येईल, मागच्या पायांवर उभा राहील, मग दुसरा. अर्ध्या तासात जणू तुम्ही तिथे नाहीच. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि कुणीतरी म्हणतं, 'चला, पुढे बघू.'

चौथं, नजर कशी फिरवायची. उंदरांकडे बघत बसू नका. वसाहतीच्या कडेचं एकेक झुडूप घ्या आणि त्याच्या बुंध्याशी, सावलीच्या आतल्या बाजूला, दुर्बीण लावा. मांजर उभं नसतं, बसलेलं असतं. शोधायचा आकार म्हणजे दोन त्रिकोण आणि त्याखाली एक गोलसर फिकट ढेकूळ. डोळे बहुधा अर्धे मिटलेले. कान मात्र स्वस्थ नसतात, एक पुढे असतो आणि दुसरा हळूच बाजूला वळतो, तुमच्या गाडीतल्या खोकल्याकडे. बाकी अंग दगड. मी ज्यांना ज्यांना पहिलं मांजर दाखवलं, त्यातल्या बहुतेकांना आधी तो वळणारा कान दिसला.

पाचवं, शेजाऱ्यांचं ऐका. सगळे उंदीर एकदम गायब झाले तर आधी आकाशात बघा, शिकारी पक्षी असेल. आकाश रिकामं असेल तर झुडपांकडे बघा. टिटवी एकाच जागी घिरट्या घालत ओरडत असेल, सातभाईंचा कलकलाट एका झुडपावर अडकला असेल, तर तिथे काहीतरी आहे. साप असेल, मुंगूस असेल किंवा तुमचं मांजर.

तासाभरात काही झालं नाही तर दुसरी वसाहत. एका सकाळी दोन, फार तर तीन जागा. संध्याकाळी परत त्याच, कारण मांजराचा इलाका ठरलेला असतो आणि सकाळी न दिसलेलं संध्याकाळी तिथेच दिसू शकतं. मला विचाराल तर तीन रात्रींचा मुक्काम करा आणि सगळ्या फेऱ्या त्याच दोन-तीन जागांवर घालवा. रोज नवा भाग बघायचा हट्ट असेल तर पक्षी भरपूर दिसतील.

६. ठसे

उतरायची परवानगी असलेल्या जागी, चालकाला विचारूनच उतरा. मांजराच्या ठशात नखं उमटत नाहीत, कारण ती आत ओढलेली असतात. खोकड, कोल्हा, कुत्रा यांच्या ठशात बोटांपुढे नखांचे टोचे दिसतात. मांजराचा ठसा गोलसर, कुत्र्याचा लांबट. मांजराच्या तळव्याच्या गादीची मागची कड तीन भागांची असते. वाळवंटी मांजराचा ठसा तीन-चार सेंटिमीटरचा, म्हणजे घरच्या मांजराएवढाच. त्यामुळे अगरियांच्या (रणात मीठ पिकवणाऱ्या कुटुंबांच्या) झोपडीजवळ सापडलेल्या ठशावर फार विसंबू नका. ठशाशेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून वरून, सरळ, एक फोटो घ्या. तिरक्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, ठसा उठून दिसतो. बाराच्या उन्हात काही कळत नाही.

७. दिसलं! आता पुढची दहा मिनिटं

ओरडू नका, बोट दाखवू नका. शेजाऱ्याला घड्याळाच्या काट्यांनी सांगा, 'अकराच्या दिशेला, दुसरं झुडूप, बुंध्याशी'. ही भाषा आदल्या दिवशीच ठरवून घ्या.

गाडी जवळ न्यायची का? माझं मत, पहिली पाच मिनिटं अजिबात नाही. बसलेलं मांजर आपण दिसलोच नाही या भरवशावर बसलेलं असतं. त्याचा भरवसा तुटेल असं काही करू नका. नंतर न्यायचीच तर सरळ त्याच्या रोखाने नाही. तिरकी, कुठेतरी दुसरीकडे चाललोय अशी, दहा-पंधरा मीटर पुढे, परत इंजिन बंद. त्याने अंग जमिनीला चिकटवलं, कान आडवे पाडले, किंवा उठून पाठ फिरवून जलद चालायला लागलं तर तुम्ही जवळ आलात. तिथेच थांबा. पळत्या मांजरामागे गाडी घालणारे चालक आहेत आणि घालायला सांगणारे पाहुणे त्याहून जास्त. अभयारण्यात प्राण्याला त्रास देणं हा गुन्हा आहे, हे चालकाला नाही तर स्वतःच्या गटातल्या उत्साही मंडळींना आधी सांगून ठेवा.

आमिष नाही, उंदराच्या आवाजाची रेकॉर्डिंग नाही, चुचकारणं नाही. कच्छमध्ये काळ्या डुंगरावरच्या दत्तमंदिरात कोल्ह्यांना प्रसाद घालायची जुनी प्रथा आहे, ती बघायला जरूर जा. तिच्यावरून रणात मांजराला बिस्कीट टाकायची कल्पना मात्र कुणाला सुचू देऊ नका.

रात्रीची 'खास फेरी' कुणी देऊ केली तर नाही म्हणा. सूर्यास्तानंतर अभयारण्यात थांबता येत नाही, आणि झगझगीत सर्चलाइट डोळ्यांवर मारल्यावर रात्री शिकार करणारा प्राणी काही काळ आंधळाच होतो. मुक्कामाकडे परतताना गाडीच्या दिव्यात मात्र लक्ष ठेवा. जमिनीलगत हिरवट-पिवळे दोन डोळे, जोडीने, थांबून बघणारे असतील तर मांजर असू शकतं. रस्त्यातच बसलेला तांबडा निखारा म्हणजे बहुधा रातवा पक्षी.

८. रानचं की घरचं?

इंटरनेटवर 'वाळवंटी मांजर' म्हणून फिरणारे बरेच फोटो गावातल्या बोक्याचे असतात. यात लाजण्यासारखं काही नाही, कारण दोघं सख्खे नातलग आहेत. आपली पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या आफ्रिकी रानमांजरापासून आली. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं मांजर सापडलंय. वाळवंटी मांजर त्याच जातीची आशियाई शाखा. दोघांची वीणही होते आणि हाच आज या रानमांजराला मोठा धोका आहे.

म्हणून फोटो काढताना चेहऱ्याच्या मागे लागू नका, या गोष्टी टिपा:

अंग: ठिपके सुटे, बारीक, काळे असतात. घरच्या मांजरावर बहुधा पट्टे किंवा मोठे वळसे.
शेपूट: निमुळती, टोक काळं, टोकाआधी काळ्या कड्या. शेपटीचा स्वच्छ फोटो सगळ्यात मोलाचा.
पुढचे पाय: आतल्या बाजूला काळे आडवे पट्टे.
गाल: दोन गडद रेघा.
पांढरं: छातीवर मोठा पांढरा डाग किंवा पायात पांढरे मोजे दिसले तर ते घरचं किंवा मिश्र रक्ताचं समजा.

बाऊल असेल तर गोंधळ होत नाही. शेपूट घोट्यापर्यंत जेमतेम पोचते, अंग एकरंगी, आणि चाल लांब पायांमुळे डौलदार.

शंका राहिली तर 'मांजर, जात अनिश्चित' असं लिहा. ते चुकीच्या नावापेक्षा बरं.

९. रणातले खरे धोके

मांजर तुम्हाला काही करणार नाही. रण करेल.

सगळ्यात वाईट म्हणजे चिखल. वरून मिठाची पांढरी, टणक दिसणारी पपडी आणि खाली ओला चिखल. गाडी आधी छान चालते, मग एका क्षणात चाक पपडी फोडून आत जातं आणि जेवढं ॲक्सिलरेटर द्याल तेवढं रुततं. स्थानिक चालक जुन्या चाकोऱ्या सोडत नाहीत ते यासाठी. 'तिकडून शॉर्टकट मारू या' हे वाक्य रणात बोलायचं नाही.

दुसरं, दिशा. चारही बाजूंना सारखंच सपाट, दुपारी मृगजळ, आणि क्षितिजावर दिसणारं झाड जवळ आहे की लांब हे कळत नाही. गाडीपासून लघवीला गेलात तरी गाडी नजरेत ठेवा. मोबाइलवर ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा आणि मुक्कामाची जागा त्यात खूण करून ठेवा.

तिसरं, फुरसं. झुडपांच्या बुंध्याशी हात घालू नका, बिळात काठी तर नाहीच नाही. घोट्यावर येणारे बूट घाला.

चौथं, कुत्री. गावाच्या कडेला भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. माणसाला त्यांचा त्रास होतोच, मांजरांनाही होतो. कुत्रं किंवा मांजर, पाळीव असो की रानातलं, चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

अगरिया कुटुंबं पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत रणातच राहून मीठ पिकवतात. त्यांच्या मिठाच्या पाट्यात पाय टाकू नका, ते त्यांचं शेत आहे. चहा विचारला तर नाही म्हणू नका. मांजर कुठे दिसतं हे त्यांच्या मुलांना तुमच्या गाइडपेक्षा जास्त ठाऊक असतं.

१०. पिल्लं, जखमी, मेलेलं

झुडपाखाली पिल्लं एकटी दिसली तर ती टाकलेली नाहीत. आई शिकारीला गेलीय आणि तुम्ही तिथे असेपर्यंत येणार नाही. उचलू नका, हात लावू नका, निघा.

हे महाराष्ट्रात जास्त कामाला येईल. ऊसतोडीच्या दिवसांत फडात बाऊलाची, वाघाटीची (हेही एक छोटं रानमांजर) पिल्लं सापडतात आणि लोक ती बिबट्याची समजून गोळा करतात, किंवा गोड दिसतात म्हणून घरी आणतात. सापडल्या जागेजवळ तशीच ठेवून वनविभागाला कळवलं तर आई बहुधा रात्रीत येऊन घेऊन जाते. महाराष्ट्र वनविभागाची मदतवाहिनी १९२६. घरी आणून दूध पाजलेलं पिल्लू परत रानात सोडणं फार कठीण, आणि ते घरात ठेवणं बेकायदा.

रस्त्यावर गाडीखाली आलेलं रानमांजर दिसलं तर सुरक्षित बाजूला थांबून फोटो, जागा आणि वेळ नोंदवा, आणि जवळच्या वनकार्यालयाला द्या. शव हलवू नका, नखं-कातडी तर नाहीच.

११. घरी आल्यावर

त्याच रात्री वहीत लिहा: तारीख, वेळ, हवा, झुडपाचं नाव, जवळ बिळं होती का, मांजर काय करत होतं, किती वेळ दिसलं. दिसलं नाही तेव्हाही लिहा की कुठे किती वेळ थांबलो. पुढच्या खेपेला ही वही चालकाच्या आठवणीइतकीच कामाला येते.

आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ) फोटो टाकणार असाल तर जागा अंधूक ठेवायचा पर्याय निवडा. फेसबुक-इन्स्टावर 'छोटं रण' एवढंच पुरे. बेटाचं नाव, गेटपासूनचं अंतर, लोकेशन पिन नको. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद आपोआप असते, मूळ फाइल ग्रुपवर पाठवण्याआधी ती काढून टाका. आणि चालकाला त्याच्या नंबरवर एक चांगला फोटो पाठवा, मांजराचा. पुढच्या पाहुण्याने 'थांबू या' म्हटल्यावर त्याला पटवायला तो फोटो लागतो.